सावलीतली वाळवणं

गॅलरीतल्या कुंड्यांचे वेळापत्रक आणि महाराष्ट्रातल्या हवेचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. घरच्या पानांच्या वाळवणाचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. आषाढ-श्रावणात पुदिना कुंडीबाहेर पसरतो, गवती चहाचे बेट कमरेएवढे वाढते, तुळशीचे शेंडे खुडावेत तितके फुटतात. नेमकी त्याच दिवसांत मुंबई-कोकणातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेली असते. दोरीवरचा पंचा वाळता वाळत नाही, तिथे पुदिना काय वाळणार? हवा खडखडीत होते ती फाल्गुन-चैत्रात. तोवर पुदिन्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात, कोथिंबीर वाढायच्या आधीच फुलावर येते आणि गवती चहा पाण्यावाचून पिवळा पडतो. माल असतो तेव्हा हवा नसते, हवा असते तेव्हा माल नसतो.

पाने कशी वाळवावीत यावर हल्ली सल्ल्यांची कमतरता नाही. त्यातले पुष्कळसे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आले आहेत. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि थाईम, रोझमेरी, ओरेगॅनो ही तिथली झाडे त्याच उन्हाळ्यात काढणीला येतात. जुडी बांधून खुंटीला उलटी टांगली की आठ-दहा दिवसांत काम झाले. हीच जुडी ठाण्यात भाद्रपदात टांगली तर बाहेरची पाने वाळल्यासारखी दिसतात आणि मधली पाने बुरशी धरतात. सल्ला खोटा नसतो, तो दुसऱ्या हवेचा असतो. म्हणून ‘कसे वाळवावे’ हा प्रश्न माझ्या मते तिसरा. हे पान वाळवण्याजोगे आहे का, हा पहिला. आणि कोणत्या महिन्यात, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे नीट आली तर तिसऱ्याला फारशी अक्कल लागत नाही.

आपल्याकडे पाला वाळवायची रीत जुनी आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हरभऱ्याचे कोवळे शेंडे मार्गशीर्ष-पौषात खुडतात, सावलीत पसरून वाळवतात, हाताने चुरून डब्यात भरतात आणि पुढे भाजी दुर्मिळ झाली की त्या चुऱ्याची आळणासारखी भाजी करतात. या पद्धतीत किती शहाणपण आहे ते पाहा. शेंडे खुडल्याने झाड फांद्या धरते, म्हणजे पिकाचे नुकसान नाही. खुडणी थंडीत, म्हणजे पठारावरची हवा कोरडी. आणि या पानाची सगळी गंमत त्याच्या आंबटपणात आहे. पहाटे शेतावर फडके अंथरून जी हरभऱ्याची आंब गोळा करतात, ती याच पानांवरच्या आम्लांची. आम्ल हवेत उडून जात नाही. पाणी गेले तरी आंबटपणा जागेवर राहतो, उलट दाट होतो. वाळवलेल्या अंबाडीचेही तसेच, आणि कोकमाच्या सालींचे म्हणजे आमसुलांचेही तसेच. मेथीचा कडवटपणाही उडून जाणारा नाही. घराघरांत जो पाला वाळवला जाई तो बहुतेक चवीचा होता. वासाचा पाला वाळवून ठेवायची गरज फारशी पडत नसे, कारण तो परसात बारमाही हाताशी असे आणि वासाची भिस्त धणे, जिरे, तिरफळ, दगडफूल अशा मुळातच कोरड्या जिनसांवर असे. गॅलरीतली बाग आली, परस गेले, आणि वासाची पाने वाळवायचा प्रश्न आपल्यापुढे नव्याने आला.

वास पानात नेमका कुठे राहतो, हे कळले की निम्मे निर्णय आपोआप होतात. वासाची तेले उडून जाणारी असतात आणि प्रत्येक कुळाने ती वेगळ्या जागी दडवलेली असतात. तुळशीच्या कुळात, म्हणजे तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, ओरेगॅनो, थाईम, रोझमेरी या सगळ्यांत, तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते. पानाला नुसते बोट लावले तरी वास येतो तो त्या ग्रंथी फुटल्यामुळे. लिंबाच्या कुळात तेलाचे कोश पानाच्या आत असतात. कढीपत्त्याचे पान उजेडासमोर धरा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. ती तेलाची घरे. कढीपत्ता न चुरडता हुंगला तर वास कमी येतो आणि फोडणीत पडताच घर भरते, त्याचे कारण हेच. गवती चहात आणि तमालपत्रातही तेल आतल्या पेशींत असते. कोथिंबीर आणि शेपू धण्या-जिऱ्याच्या कुळातले. त्यांचे तेल पानातल्या बारीक नळ्यांत असते आणि पान इतके पातळ की ते निसटायला वेळ लागत नाही.

जागेइतकेच महत्त्व तेलाच्या स्वभावाला आहे. कोथिंबिरीचा ताजा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या हलक्या द्रव्यांचा. ही द्रव्ये वाळताना जवळजवळ सगळी निघून जातात आणि हातात उरतो तो हिरवट गवताचा चुरा. म्हणून कोथिंबीर वाळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारी वाळलेली कोथिंबीर ताटाला रंग देते, एवढेच. कोथिंबिरीचे वाळवण निसर्गाने धण्यांच्या रूपात केलेले आहेच. त्याचा वास वेगळा, तो लिनॅलूल नावाच्या द्रव्याचा, पण तो वर्षभर टिकतो. कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की हळहळत उपटून टाकण्याऐवजी चार रोपे बी धरू द्यावीत. शेपूचेही असेच. त्याचे पान वाळवून पदरात फार काही पडत नाही, पण त्याचे बी म्हणजे बाळंतशोपा, आणि त्या टिकाऊ.

पुदिना मात्र वाळवणाचा पहिला धडा म्हणून उत्तम. आपल्या चटणीतल्या पुदिन्याचा वास कार्व्होन या द्रव्याचा असतो आणि ते वाळवताना बऱ्यापैकी तग धरते. ताज्या चटणीचा तजेला त्यात येत नाही, पण रायते, ताक, जलजिरा, पराठ्याचे पीठ यांत वाळलेला पुदिना कधीकधी ताज्यापेक्षा सरस लागतो. गवती चहाही भरवशाचा. त्यातले सिट्रल आतल्या पेशींत असल्यामुळे पात्याचा रंग गवतासारखा फिका पडला तरी उकळीत वास उतरतो. फक्त पाती वाळण्याआधी कात्रीने बोटभर तुकड्यांत कापावीत. वाळल्यावर ती चिवट होतात आणि कापताना हाताला लागतात.

तुळस अर्धीमुर्धी. तिच्यातले युजेनॉल जड असते, ते राहते. पण पान खुडल्यावर जरा चेपले, ओले राहिले, की काळे पडते. कापलेले सफरचंद ज्या विकराने काळवंडते त्याच जातीचे विकर इथे काम करते. काढ्याला काळी पडलेली तुळस चालते, दिसायला वाईट इतकेच. अनेक घरांत द्वादशीला आणि रविवारी तुळस तोडत नाहीत, वृंदावनातल्या तुळशीला तर स्वयंपाकासाठी हातच लावत नाहीत. ते पाळायचे असेल तर खाण्याची तुळस वेगळ्या कुंडीत लावावी. सब्जा हीसुद्धा तुळशीचीच बहीण. फालुद्यात जिचे बी घालतो, तिचेच कुळबंधू पिझ्झावर बेसिल म्हणून पडतात. तिची पाने वाळवून हाती फार लागत नाही. तिचा गोडसर वास हलका आणि पान लगेच काळवंडणारे.

याउलट ज्याच्याकडे आपले लक्षच जात नाही असा मरवा. गजऱ्यात आणि पूजेच्या परडीत आपण तो ओळखतो. युरोपातल्या स्वयंपाकघरात मार्जोरम म्हणून जो मसाला मानाने वापरतात, तो हाच. त्याचे पान लहान, तेल पृष्ठभागावर पण बंद ग्रंथींत, पाणी तुलनेने कमी. वाळवायला यासारखे पान नाही. कुंडीत तो सहज येतो, थंडीत जोमाने वाढतो आणि थंडीतच वाळवता येतो. इटालियन ओरेगॅनोच्या पाकिटांवर पैसे घालवणाऱ्यांनी एकदा घरचा मरवा वाळवून पाहावा. तो ओरेगॅनोइतका झणझणीत नाही, पण त्याच्या जवळचा आहे. ओरेगॅनोचा झणझणीतपणाच हवा असेल तर पानओवा आहे. ओव्याच्या पानांची भजी करतो तो. खऱ्या ओव्याशी त्याचे नाते नाही, पण वासाचे द्रव्य कार्व्हाक्रॉल, आणि ओरेगॅनोतही मुख्यत्वे तेच. अडचण एवढीच की त्याचे पान मांसल, पाण्याने गच्च. अख्खे पान वाळायच्या आत कुजते. बारीक पट्ट्या कापून, विजेच्या वाळवणीयंत्रात किंवा भर वैशाखातल्या कोरड्या सावलीतच ते साधते.

कसुरी मेथीविषयी एक खुलासा करायला हवा. कसूर हे शहर आज पाकिस्तानात आहे. आपल्याकडे बाजारात येणारी कसुरी मेथी प्रामुख्याने राजस्थानातल्या नागौर भागातली, आणि तिथे तिला पानमेथी म्हणतात. ती आपल्या भाजीच्या मेथीहून वेगळी जात. घरच्या कुंडीतली मेथी वाळवली तर चांगली वाळलेली मेथी होईल, कसुरी होणार नाही. तरीही वाळवावी. वाळताना मेथीचा वास मरत नाही, पालटतो आणि गडद होतो.

आता हवा. कोरडे पान आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवा दमट असेल तर ते पाणी ओढून घेते, कोरडी असेल तर सोडते, आणि शेवटी दोघांचा तोल जमतो. बुरशीला वाढायला जेवढे मोकळे पाणी लागते ते साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या खालच्या हवेशी तोल साधलेल्या पानात उरत नाही. घराला लागू पडणारा नियम यातून थेट निघतो: खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर उघड्यावर ठेवलेले पान कितीही दिवस ठेवा, सुरक्षित इतके वाळणार नाही. दिवसभर वाळलेले रात्री पुन्हा मऊ होते. आर्द्रतामापक हे शे-दोनशे रुपयांत मिळणारे उपकरण म्हणूनच वाळवणाच्या कुठल्याही यंत्रापेक्षा आधी घ्यावे.

या नियमाने महाराष्ट्राचे नकाशावर सरळ भाग पडतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, नगर-सोलापूरकडे दिवाळीपासून मृगापर्यंत हवा वाळवणाच्या बाजूची. वैशाखात नागपूर-अकोल्याकडे दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि मेथी एका दिवसात कुरकुरीत होते. पुणे-नाशिकला थंडी आणि उन्हाळा दोन्ही चांगले. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र उन्हाळाही घामट. तिथे खरी संधी मार्गशीर्ष ते माघ, जेव्हा जमिनीवरून वारा वाहतो तेव्हाच्या दुपारी. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्याने लागवडच त्या हिशेबाने करावी. पुदिन्याची आणि मरव्याची छाटणी ऑक्टोबरात करून त्यांना नवी फूट आणावी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत काढणी मिळते. श्रावणातला पुदिना श्रावणातच खाऊन संपवावा.

सावली की ऊन, याचे उत्तर आयुर्वेदाने केव्हाच दिले आहे. सुगंधी वनस्पती सावलीतच वाळवायच्या. उन्हात पानाचे तापमान हवेपेक्षा बरेच वर जाते, पाण्याच्या वाफेबरोबर तेल ओढले जाते आणि उजेडाने हरितद्रव्य फिके पडते. मिरचीला ऊन चालते, कारण तिखटपणा उडणारा नाही. हळद तर आधी उकडून मग उन्हात वाळवतात. पानांचे गणित निराळे. त्यांना पंख्याखालची, खेळत्या हवेची, उजेड नसलेली खोली पुरते. पसरताना एकच थर. सूप, तांदळाची चाळण, बाजेवर घातलेले मलमलीचे फडके, जुनी सुती साडी, काहीही चालते. खालून हवा लागली पाहिजे. वर्तमानपत्र मात्र नको. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थांना वर्तमानपत्र लावू नये असे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावलेले आहे, आणि ओले पान शाई ओढायला तयारच असते.

काढणी सकाळी, दव उडाल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. तुळशीकुळातल्या झाडांना कळ्या दिसू लागल्या की तेल भरात असते. मंजिरी पूर्ण फुलली की पान उतरणीला लागते. धुवायचे तर आदल्या संध्याकाळी झाडावरच पाणी मारावे, म्हणजे खुडलेल्या पानाला वेगळा ओलावा चढत नाही. न धुता वाळवायची सवय मात्र सोडावी. वाळवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात, आणि साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने टिकतात. गच्चीवर कबुतरांचा वावर असेल किंवा कुंडीत ताजे शेणखत घातले असेल तर हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

यंत्रांबद्दल थोडक्यात. विजेचे वाळवणीयंत्र, ज्यात तापमान ३५ ते ४५ अंशांवर धरता येते आणि पंखा असतो, ते दमट शहरात खरोखर उपयोगी. पण एका कुंडीच्या पुदिन्यासाठी ते घेणे म्हणजे पैशांचा चुराडा. घरगुती ओव्हन बहुधा इतके खाली उतरतच नाहीत, त्यात पाने वाळत नाहीत, भाजतात. मायक्रोवेव्ह थोड्या पानांना चांगला, तीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी, दर वेळी पाने हलवून. रंग छान राहतो, पण लक्ष हलले तर पाने पेट घेतात. एअर फ्रायरमध्ये हलकी पाने वाऱ्याने उडून तापत्या तारेवर जातात. तो बेत सोडून द्यावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते. कागदी पिशवीत पाने भरून, तोंड उघडे ठेवून दोन-तीन आठवडे आत ठेवली तर हिरवीगार वाळतात. शेजारी कापलेला कांदा नसावा, एवढे पाहावे. पावसाळ्यात मुंबईकराला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एसीची खोली. एसी थंड करताना हवेतले पाणीही काढतो, आणि रात्रभर चालणाऱ्या एसीखाली चाळणीत पसरलेली पाने दोन-तीन रात्रींत वाळतात. गावपातळीवर सौरवाळवणीने गेल्या दशकात बरीच मजल मारली आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ने शेतकरी स्त्रियांच्या हाती असे वाळवणीयंत्र दिले आणि २०२३ साली तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तो व्याप कांदा-टोमॅटोचा, टनांचा आहे. गॅलरीवाल्याने त्यातून उचलायचे ते एवढेच की ऊन पदार्थावर थेट पडू न देता त्याची उष्णता वापरता येते. काळ्या पत्र्याखाली ठेवलेली चाळणी हेच काम लहान प्रमाणात करते.

वाळले की नाही हे ठरवायला बहुतेकजण पान चुरून पाहतात. तेवढ्याने भागत नाही, कारण पान चुरते तेव्हाही देठात ओल असू शकते. देठ वाकला तर राहिले, कटकन मोडला तर झाले. त्याहून पक्के मोजमाप वजनकाट्याचे. पुदिन्यात साधारण ८५ टक्के पाणी असते. म्हणजे १०० ग्रॅम पानांत कोरडा भाग १५ ग्रॅम, आणि सात-आठ टक्के ओल धरून वाळलेले पान १६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. २२ ग्रॅम भरले तर अजून पाणी आहे, भले ते हाताला कोरडे लागो. मेथीचे १०० ग्रॅमचे १५ ग्रॅम. कढीपत्ता मुळातच कोरडा, त्यात पाणी सुमारे ६५ टक्के, म्हणून त्याचे ३८ ग्रॅमपर्यंत उरतात. हा हिशेब एकदा चिठ्ठीवर लिहून काट्याला चिकटवला की अंदाजपंचे काम संपते. त्यानंतरही पाने काचेच्या बरणीत भरून चार दिवस रोज पाहावीत. काचेला आतून बाष्प दिसले, पानांचा गठ्ठा झाला, तर पुन्हा चाळणीवर.

वाळवण्यापेक्षा साठवण अवघड असते, असे म्हणायला हरकत नाही, कारण वाळवण एका चांगल्या आठवड्यात होते आणि साठवणीला पुढचा सगळा पावसाळा काढायचा असतो. जुन्या घरांत चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधत. लोणच्याला तो ठीक. वाळलेल्या पानांना नाही, कारण फडक्यातून दमट हवा आरपार जाते. स्टीलचा डबा उजेड अडवतो, पण झाकण सैल असते. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीतून वास बाहेर झिरपतो. पुदिन्याची पिशवी चहाच्या डब्याशेजारी ठेवली की आठवड्याने चहाच सांगतो. घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी, अंधाऱ्या फडताळात, हा सगळ्यात बरा मार्ग. बरणी लहान आणि गच्च भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी. शेगडीच्या वरची फळी ही मसाल्यांची पारंपरिक जागा आणि सगळ्यात वाईट जागा. तिथे उष्णता आहे, वाफ आहे. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून पाने झटकण्याची सवय असेल तर बरणीत रोज थोडी वाफ शिरते. पाने आधी तळहातावर घ्यावीत.

ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायला हरकत नाही, पण निळ्या दाण्यांची सिलिका जेल खाद्यपदार्थात नको. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि ते विषारी आहे. रंगहीन दाण्यांची, न फाटणारी पुडी चालते. घरगुती उपाय म्हणून मूठभर कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवतात, तेही थोडे काम करतात. तिखट-मसाल्यात हिंगाचा खडा ठेवायची रीत सर्वांना माहीत आहे. किडे त्या वासाने कचरत असतीलही, पण पान दमट असेल तर हिंग काही वाचवत नाही. आणि पुदिन्याला हिंगाचा वास लागणे हे वेगळेच नुकसान. धणे, हळद, मिरची यांत पडणारे तपकिरी बारीक भुंगेरे वाळलेल्या पानांतही येतात. त्यांची अंडी मारायची तर भरलेली घट्ट बरणी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. थंड बरणी उघडली की हवेतले पाणी आत पानांवरच जमते.

किती दिवस टिकते? शार्ङ्गधरसंहितेत याचा उल्लेख आहे, आणि तो आजच्या अनुभवाशी थक्क करावा इतका जुळतो. औषधी द्रव्य वर्षानंतर गुणहीन होते आणि चूर्ण दोन महिन्यांत, असे तो ग्रंथ सांगतो. आजचा रसायनशास्त्राचा विद्यार्थीही निराळे सांगणार नाही. चूर्ण केले की तेलाच्या ग्रंथी फुटतात, हवा लागणारा पृष्ठभाग कैकपटीने वाढतो. म्हणून पाने अख्खी ठेवावीत आणि लागतील तेव्हाच चुरावीत. बरणीवर महिना आणि वर्ष लिहावे. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी करत नाही. शेवग्याच्या पानांची पूड करून वर्षभर खाणाऱ्यांनीही हा दोन महिन्यांचा नियम पाहावा. कॅल्शियम-लोह कुठे जात नाही, पण कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व त्यात फारसे उरलेले नसते.

उरतात ती वाळवू नयेत अशी पाने, आणि त्यांच्यासाठी मराठी स्वयंपाकघराकडे चांगली उत्तरे आहेत. कोथिंबिरीला गोठवण. नुसती कोथिंबीर फ्रीझरमध्ये काळवंडते. पण हिरवी मिरची, आले, लसूण घालून केलेले हिरवे वाटण थोड्या तेलासह बर्फाच्या साच्यात भरून वड्या केल्या तर दोन-तीन महिने आमटी-भाजीला पुरतात. पातोळ्यांसाठी लागणारी हळदीची पानेही वाळवू नयेत, त्यांचा वास उतरतो आणि पान मोडते. फ्रीझरमध्ये सपाट गुंडाळून ठेवलेली वाफेला चालतात. कढीपत्ता वाळतो, पण त्याचा वास वाळणीत बराच उतरतो. त्यावर आपला इलाज फार जुना: थोड्या तेलावर मंद आचेने कुरकुरीत परतून तीळ, खोबरे, मिरची, मीठ घालून कोरडी चटणी. उष्णतेने पाणी जाते आणि सुटलेला वास तेलात व खोबऱ्यात अडकतो. परदेशातल्या मराठी घरांत या चटणीला वेगळा मान आहे, कारण अमेरिकेत ताजा कढीपत्ता बाहेरून नेऊ देत नाहीत. लिंबूवर्गीय बागा उजाड करणारा रोग पसरवणारी बारीक कीड या पानांवरून प्रवास करते. तिथली अनेक मराठी घरे कढीपत्त्याची कुंडी थंडीत घरात आणून जगवतात आणि म्हणून एकेक पान जपतात.

तेलात बुडवून ठेवण्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. ताजी पाने किंवा लसूण तेलात घालून ओट्यावर शोभेची बाटली ठेवायची टूम धोक्याची आहे. तेलाखाली हवा नसते, पानात पाणी असते, आंबटपणा नसतो. बॉट्युलिझमच्या जंतूला याहून सोयीची जागा नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे ३० हून अधिक लोक या विषबाधेने आजारी पडले होते. आपले लोणचेही तेलात असते आणि चालते, कारण त्यात कैरी-लिंबाचे आम्ल आणि भरपूर मीठ आहे. ताज्या पानांचे तेल करायचेच तर फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवायचे. पूर्ण वाळलेली पाने तेलात घातली तर ही भीती राहत नाही.

वापरताना प्रमाण ध्यानात ठेवावे लागते. ताज्या तीन चमच्यांच्या जागी वाळलेला एक, हा ढोबळ हिशेब. शार्ङ्गधर ओले द्रव्य कोरड्याच्या दुप्पट घ्या म्हणतो, तो औषधाचा. पुदिना आणि मरवा शेवटी, गॅस बंद करताना, तळहातावर चोळून. मेथी तव्यावर क्षणभर गरम करून मग चुरायची. गवती चहा उलट सुरुवातीला, झाकण ठेवून उकळायचा, कारण त्याचे तेल आतल्या पेशींत असते आणि बाहेर यायला वेळ घेते. वाळलेला कढीपत्ता मात्र तापल्या फोडणीत कधी टाकू नये. त्याच्यात तडतडायला पाणी उरलेले नसते, तो थेट जळतो आणि कडू होतो. फोडणी उतरवल्यावर, आमटीचे पाणी पडले की मग तो घालावा.